बेलभंडाऱ्यावर घेतलेला गुंठा

जांबे गावातल्या भाड्याच्या एका खोलीत बिरदेव आणि करिष्मानं अकरा वर्षं काढली. तो घोटावड्याच्या कारखान्यात रोजंदारीवर, ती आयटी कंपनीत साफसफाईला. सणाला नवं लुगडं नाही की पोराला सायकल नाही. पोटाला चिमटा काढून साठवलेलं सगळं त्यांनी घराच्या एका गुंठ्यात घातलं.

करिष्मा आधी म्हणाली होती, कागद बघून घ्या. पण विकणाऱ्यानं बिरोबासमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि बिरदेव विरघळला. देवापुढं दिलेल्या शब्दावर त्याच्या घरानं आजवर मेंढरांचे कळप विकले, घेतले. तिथं कागद मागणं त्याला पाप वाटलं. हसू नका, वाचकहो. असा भाबडा माणूस तुमच्याही घरात असेल.

पैसे दिले तरी गुंठा नावावर होईना, तेव्हा वकिलाकडं काम करणाऱ्या उषाताईंनी सातबारा काढून बिरदेवपुढं ठेवला.

"ह्याच्यात तुमचं नाव न्हाई, आन् इकणाऱ्याचंबी न्हाई. केस टाकू, पर लई वर्सं जातील. पैशाची आशा धरू नगा."

बिरदेव घरी आला तो भिंतीला टेकून बसला.

"कुणाला बोलू नगंस," तो म्हणाला. "भावकीत नाक कापलं जाईल."

"आन् धुळाजीमामा?" करिष्मानं विचारलं.

मुठा गावचा धुळाजी हा बिरदेवचा मामा. भाच्याच्याच सांगण्यावरून तो त्याच विकणाऱ्याकडून शेजारचा गुंठा घेणार होता. त्यासाठी मेंढरं विकायला काढली होती, रविवारी पैसे द्यायचे होते.

"सांगितलं तर लोकं हसत्याल."

"हसू द्या. आपलं गेलं, ते काय परत येत न्हाई. पर ठावं असून तुमी गप ऱ्हायला, तर त्या इकणाऱ्यात आन् तुमच्यात फरक काय ऱ्हायला?"

हे मात्र बिरदेवच्या जिव्हारी लागलं! त्यानं तिथल्या तिथं फोन लावला.

"मामा, मी फसलो. मेंढरं इकू नगा."

मामा एवढंच म्हणाला, "बरं केलंस, सांगितलंस."

मामाची मेंढरं वाचली. बिरदेवचं घर मात्र गेलं, आणि या जन्मी ते होईल असं त्याला आता वाटत नाही.

देवाची शपथ घेऊन कुणी जमीन विकू लागला, तरी आधी सातबारा बघा. आणि फसलात तर लाज गिळून चारचौघांत सांगा. तुमच्या गप्प बसण्यानं तुमचं काही परत येत नाही, दुसऱ्याचं मात्र जातं.