भट्टीत पकलेले पाय

माह्या बाबाच्या पायाले काही लागत नाई, हे सगळ्या उतई गावाले माहीत होतं. भिलाईच्या स्टील प्लांटात बत्तीस वर्षं भट्टीपाशी काढली त्याईनं. रिटायर झाल्यावर मे महिन्यातल्या डांबरावर बिनचपलेचे किराणा आणाले जात. दरवर्षी नवरात्रात प्लांटातल्या सोबत्यांसंग डोंगरगडले बमलाई मायच्या दर्शनाले पायी जात, तेही तसेच. कोणी विचारलं का मिशीवर हात फिरवून म्हनत, भट्टीनं पकवले हे पाय. अन् बाबाचं, म्हंजे शेषरावचं, बोलणं ऐकून लोक माना हलवत.

मी गुंजन, त्याईची पोरगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले. शुगर वाढून राहिली का पायाच्या नसा मरतात, हे मले तोंडपाठ. पेपरात दहापैकी नऊ मार्क घेतले त्याच्यावर. तरी घरी बाबाची फुशारकी ऐकून मीही हसली. आग लागो त्या नऊ मार्काले.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी सकाळी माय फरशी पुसून राहिली होती, तर पुसलेल्या जागी पुन्हा लाल ठिपके. तिले वाटलं कुंकू सांडलं. ठिपके बाबाच्या खुर्चीपाशी जाऊन थांबले. डाव्या तळव्यात कॅलेंडरचा खिळा अर्धा रुतलेला, अन् बाबा आरामात चहा पिऊन राहिले होते.

खिळा काढला, जखम धुतली, म्हटलं दवाखान्यात चला. त्याईचं एकच, पट्टी बांध, उद्या निघायचं आहे. शुगरच्या गोळ्या तर त्याईनं उन्हाळ्यातच सोडल्या होत्या, कारल्याच्या रसावर भागवून राहिले होते. इन्सुलिनचं नाव काढलं का भडकत, सुई लागली का माणूस संपला म्हनत.

माह्या डोक्यात सणक गेली. कॉलेजात पाय तपासाची नायलॉनची काडी देतात, ती घेऊन मी त्याईच्या पायापाशी बसली. म्हटलं डोळे मिटा, काडी लागली का हो म्हना. पाच जागी टोचली. बाबा गप्प. माय पोछा धरून उभीच. आपण हरून राहिलो, हे बाबाले समजलं असावं.

"आता?" मी विचारलं.

"हो. अंगठ्याले," बाबा ठासून म्हनाले.

"आता तर मी लावलीच नाई, बाबा."

त्याईनं डोळे उघडले. काडी माह्या मांडीवर पडली होती.

"मले खोटं पाडते?"

"हो, पाडते. भट्टीनं नाई, शुगरनं मारले हे पाय. जाल डोंगरगडले, पण परत कशावर याल?"

बाबा लय ओरडले. मी उठली नाई. मायनं त्याईचा यात्रेचा झेंडा आलमारीत टाकला अन् चाबी कमरेले खोचली.

दवाखान्यात जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, इन्सुलिन सुरू केलं. जखम भरेपर्यंत त्या पायावर भार देऊ नका म्हनाले. असेच चालले असते तर पू हाडात गेला असता अन् पाय कापा लागला असता, हे डॉक्टरनं बाबाच्या तोंडावर सांगितलं. मले वाटलं, उद्या सोबत्यांपुढं पायाचं लपवून कंबर धरली म्हनतील.

सकाळी प्लांटातले कवडूकाका अन् बाकीचे सहा जण झेंडे घेऊन दारात आले, सगळे बिनचपलेचे. शेषराव, कावून बसला, निघाचं नाई का, काकानं विचारलं. बाबानं पट्टीचा पाय उचलून दाखवला.

"शुगरनं मेला हा पाय. काल सुई घेतली, आता रोज घेणार. कवडू, बस इथं. तुलेही शुगर आहे ना?"

काका हसले, म्हनाले भट्टीचे पाय आपले, आपल्याले काय होते. बाबानं त्याईले खुर्चीत बसवलं, डोळे मिटवले अन् मले खूण केली. मी टोचत गेली. काका गप्पच राहिले. मग मी हात मागं घेतला.

"आता?" बाबानंच विचारलं.

"हो, लागली ना," काका म्हनाले.

"कवडू," बाबा म्हनाले, "पोरीनं आता लावलीच नाई."

बाकीच्या सहा जणांनी झेंडे भिंतीले टेकवले अन् पाय पुढं करून ते ओट्यावर रांगेत बसले.