टोकाची कडी

भिकाजीच्या गळकाठीच्या शेंड्याला पितळेची एक कडी होती आणि ती बसवायचं काम त्याच्या बायकोचं, इंदूबाईचं. आधी तिचा सासरा गेणबा बसवायचा. त्याचे डोळे गेले तसं त्यानं सुनेला शिकवलं. लाखेचा खडा निखाऱ्यावर धरायचा, पाघळला की बांबूच्या शेंड्याला फासायचा आणि गरम आहे तोवर कडी दाबायची. एवढंच काम. पण म्हाताऱ्यानं तिच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती, की लाखेशिवाय दुसरं काही लावायचं नाही. फार ओढ बसली तर कडी सुटलीच पाहिजे. ती सुटली की गळाचा तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा दोरा, बांबूच्या कापऱ्या कडेवर घासतो आणि तुटतो. मासा जातो आणि माणूस घरी येतो.

पिरंगुटाच्या अंगाला कारखाने येऊ लागले होते त्या सुमाराची ही गोष्ट. भरे गावाजवळच्या एका कारखान्यात प्रेसखाली भिकाजीच्या डाव्या हाताची बोटं गेली, एक अंगठा तेवढा उरला. घरी बसवून ठेवलेला माणूस दुसरं काय करणार, बापाची काठी घेऊन मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर जाऊ लागला. एका हातात काठी ठरेना, म्हणून तिचं बूड कमरेच्या दोरीला बांधायचा आणि ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून आत शिरायचा. कमरेला काठी, काठीला तंगूस, तंगुसाला मासा. या सगळ्यात सुटण्यासारखी होती ती एक कडी, आणि हे इंदूबाईला पक्कं ठाऊक होतं.

थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस भिकाजी गळ्यापर्यंत भिजून घरी आला. दात वाजत होते, पण रागानं लाल झाला होता.

"खडस मासळी लागली हुती," तो म्हणाला. "वासराएवढी. मला वढत न्हेलं तिनं बुडल्याल्या जुन्या गावाच्या डोहापोतर. ट्यूब कलंडली, गळ्यापोतर पानी आलं, आन् ऐन टायमाला तुझी कडी सुटली."

"बरं झालं सुटली," इंदूबाई म्हणाली.

"काय बरं झालं? मासा गेला माझा."

"तुमी आलासा न्हवं. मामंजी म्हनत हुते, कडी सुटाया पायजे."

"आबाला दोनी हात हुते," भिकाजी म्हणाला. ओल्या कपड्यांनीच तो चुलीपुढं बसला. "समदा गाव म्हनतोय, थोट्याला कुटला आलाय मासा. मला त्यो धरून आनायचाय, इंदे. एकदाच. मग काठी मोडून चुलीत घालीन."

नुसता राग असता तर ती भांडली असती. पण नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून तिचंच मन कालवलं.

आठवडाभरात त्याचा पुतण्या जयवंत आला. तो अजून त्याच कारखान्यात होता. त्यानं खिशातून चिकटवायच्या औषधाच्या दोन नळ्या काढल्या.

"काकी, ह्यातलं थोडं घ्यायाचं, त्यातलं बी तेवडंच. चांगलं घोटायचं न् लावायचं. मग एक दिस, एक रात हात लावायचा न्हाई. गारठा असला तर लई टाइम घेतं, दोन दोन दिस चिकाट ऱ्हातं. पर एकदा का धरलं, की बांबू तुटंल, कडी सुटायची न्हाई."

भिकाजीचे डोळे चमकले. घरात उरलेला लाखेचा खडा त्यानं तिच्यादेखत उचलला आणि चुलीत टाकला. लाख चरचरली आणि घरभर तिचा वास पसरला.

"उद्या पहाटं जानार हाय," तो म्हणाला. "आत्ताच लाव."

आता काय करणार ती बापडी? तिच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे वेळ. गारठ्यात ते धरत नाही हे तिनं नेमकं ऐकलं होतं. मग काय, गोठ्यातलं शेण राहिलंय, सरपण आणायचंय, डोकं दुखतंय, असं करत करत तिनं सगळा दिवस काढला. भिकाजी करवादला, शिव्या घातल्या, पण तिनं दाद दिली नाही. दिवेलागणीला तो शेजारी येऊन उभाच राहिला तेव्हा कुठं तिनं करवंटीत दोन्ही नळ्या पिळल्या आणि काडीनं घोटलं. तो वाकून बघत होता, त्यामुळं मापात फसवायची सोय नव्हती. तिनं शेंड्याला लेप दिला आणि कडी बसवली. ओल्या लेपात कडी जरा हलतच होती.

उरलेल्या लेपाची करवंटी तिनं काडीसकट बाहेर रांजणाजवळ ठेवली. काठी उचलली आणि चुलीच्या वरच्या दोन खुंट्यांवर आडवी टाकली. गेणबाच्या काळापासून काठीची जागा तीच. बांबूला भुंगा लागू नये म्हणून ती धुरात ठेवायची. लाखेला शेकच लागायचा, त्यामुळं धुराचं, उबेचं कधी काही वाटलं नव्हतं. खाली तिनं हुलग्याची आमटी शिजवली, भाकरी थापल्या, निजताना निखाऱ्यावर राख ओढली.

पहाटे उठून तिनं पहिल्यांदा रांजणाजवळची करवंटी बघितली. दवानं ती गार पडली होती. काडी हलवली तर पाकासारखी तार आली. धरलं नव्हतं. इंदूबाईनं मोठा श्वास सोडला. चूल पेटवून तिनं अंघोळीचं पाणी तापवलं, नवऱ्याला भाकरी-चटणी बांधून दिली. भिकाजीनं काठी खाली काढली तेव्हा तीच म्हणाली, "कडीला हात लावू नगा. वलं हाय अजून."

"मासा लागंस्तवर वाळतंय," तो म्हणाला आणि हसला. कित्येक दिवसांनी तो हसला होता. तीही हसली. आज परत भिजून येईल, परत शिव्या घालील, घालू दे, असं तिच्या मनात आलं. ट्यूब खांद्यावर टाकून तो उताराला लागला तशी ती घरात वळली.

ऊन वर आलं. अंगण झाडताना करवंटी पायात आली, म्हणून तिनं ती आत आणली आणि चुलीच्या कडेला ठेवली. मग भाकरीच्या नादात विसरली. तवा उतरल्यावर तिला आठवण झाली. काडी काढून टाकावी म्हणून तिनं ओढली, तर काडीबरोबर अख्खी करवंटी वर आली. तिनं झटकली. निघेना. जमिनीवर आपटली तर करवंटीचा टवका उडाला, पण काडी जागची हलली नाही.

इंदूबाईनं वर बघितलं. चुलीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या. काल रात्री त्यांच्याखाली तिनं भाकरी केल्या होत्या, आमटी शिजवली होती, पहाटे पाणी तापवलं होतं. तशीच ती पिठाच्या हातानं पळत सुटली.

पाण्याच्या काठावर धुळाजी धनगर शेरडं घेऊन उभा होता. त्यानं डोहाकडं हात केला. जुन्या गावाच्या डोहावर ट्यूब एकटीच तरंगत होती. ती आपसूक थोडी पुढं सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. वारा तर पडलेला होता.

"भिकाजी," तिनं नाव घेऊन हाक मारली. ती मारतच राहिली.

संध्याकाळी, कासराभर दिवस राहिला तेव्हा गावातल्या गड्यांनी दोर टाकून भिकाजीला वर काढलं. काठी कमरेला तशीच होती. तंगूस त्याच्या अंगाला वेढे घालून खाली पाण्यात गेला होता आणि अजून ताठ होता. त्यांच्यातल्या हैबतराव पाटलांनी विळ्यानं तो कापला. पाण्यात काहीतरी मोठं वळलं आणि डोह पुन्हा गप झाला.

बायका इंदूबाईला धरून बसल्या. धुळाजीनं काठी सोडवून बाजूला ठेवली. शेंडा पिचला होता. त्यानं सहज कडीला बोट लावून बघितलं.

"बांबू चिरला, पर कडी हलली न्हाई," तो कुणाला तरी म्हणाला. "लई पक्की बसवलीया. कुनी बसवली?"

"म्या," इंदूबाई म्हणाली.

तिनं काठी मांडीवर ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी कडी उपसायला लागली. बायकांनी तिचे हात धरले, पण ते सुटेनात. अंधार पडेपर्यंत ती ओढत राहिली, आणि कडी काही निघाली नाही.