तिलकच्या कॉम्प्युटरमधला आत्मा

“ऊठ बेटा तिलक, ऊठ!” दुधराम महाराज ओरडले आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या कॉम्प्युटरचा पंखा गरगर फिरू लागला. पडद्यावर अक्षरं उमटली. तिलकचा बाप लखनलाल बिसेन याच्या अंगणात जमलेल्या शंभरेक माणसांनी एकदम हात जोडले. तिलकची आई फुलवंताबाई त्या पत्र्याच्या डब्यावर डोकं टेकून हमसू लागली.

मी सडक अर्जुनी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. गर्दीत मागे उभा होतो आणि एका जागी पाय ठरत नव्हता. कारण सगळ्या नजरा तिलकच्या बायकोवर, भूमेश्वरीवर रोखलेल्या होत्या.

तिलक हायवेवर ट्रकखाली गेला, त्याला आठ महिने झाले होते. हे २००७ सालचं. तो या कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. ते काम पुढे चालवायचं भूमेश्वरीनं ठरवलं. जुना डबा गंजला होता, म्हणून तिनं गोंदियाहून नवा आणला आणि आतले सगळे भाग स्वतः त्यात बसवले. नवऱ्याच्या शेजारी बसून तिनं हे अनेकदा पाहिलं होतं. पण बटण दाबलं की पंखा एक गिरकी घ्यायचा आणि सगळं बंद. तीन दिवस ती वायरी काढत होती, लावत होती. जेवणात तिचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी सासूनं महाराजांना बोलावलं.

महाराज दहा मिनिटं दार लावून कॉम्प्युटरजवळ एकटे बसले आणि बाहेर येऊन गरजले, “करंट म्हणजे काय? प्राण! या बाईनं नवऱ्याची हाडं उपसून दुसऱ्या पेटीत भरली. आत्मा बेचैन है, आत्मा!” मग अंगणात आणून, आडवं निजवून त्यांनी ते यंत्र चालू करून दाखवलं. निघायच्या आधी उभं केलं, तर पुन्हा मेलं. “देखा? ही घरात आहे तोवर तो उभा होणार नाही. उद्या सकाळी हिला माझ्या मठात पाठवा. एकवीस दिवस शुद्धी.”

लखनलालनं मान डोलावली. बायका भूमेश्वरीपासून दोन पावलं सरकल्या.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी तिला गाठलं. “तुला काय वाटतं?”

“गुरुजी, आत्मा असता तं माह्याशी काऊन बोलला नसता?” ती म्हणाली. “पण आडवा केला का चालते अन् उभा केला का बंद होते, हे खरं हाये. म्हंजे आत काईतरी सरकून राहिलं.”

“मग सगळ्यांसमोर खोल.”

महाराज चहा पीत होते. भूमेश्वरी स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आली, तसे ते उसळले. “हात लावाल तर आंधळे व्हाल!”

लखनलाल आडवा आला. मी म्हणालो, “लखनभाऊ, आंधळा झालो तर मी होईन. फक्त एकदा तुम्ही बटण दाबा. मंत्र नको.” मी डबा आडवा केला. त्यानं घाबरत घाबरत बोट टेकवलं. पंखा फिरला. उभा केला, बंद. पुन्हा आडवा, पुन्हा चालू.

भूमेश्वरीनं प्लग काढला. आतली मोठी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, तिनं सोडवली, उचलली, आणि मागून एक स्क्रू टपकन जमिनीवर पडला.

“चूक माही हाये,” ती मोठ्यानं म्हणाली. “बसवताना एक स्क्रू कमी पडला होता. हरवला समजून मी दुसरा लावला.”

मी लोकांना समजावलं. डबा उभा असला की स्क्रू घसरून पाटीच्या मागच्या टोकांना चिकटायचा, वीज भलतीकडे जायची, आणि जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद व्हायचं. आडवं केलं की स्क्रू बाजूला पडायचा.

“अबे, हा महाराज तं लांजी गावाले टीव्ही दुरुस्त करे!” गर्दीतला उदाराम रिक्षावाला ओरडला. “म्हनूनच दार लावून हलवून पाह्यलं असंल यानं!”

महाराजांना अचानक लघवी लागली. ते गेले ते परत आलेच नाहीत.

स्क्रू काढून भूमेश्वरीनं सगळं पुन्हा जोडलं. कॉम्प्युटर उभा राहून चालू झाला. पण फुलवंताबाईंचा चेहरा उतरला. “म्हंजे माहा तिलक यात नाई?”

भूमेश्वरी सासूजवळ बसली. “ते नाईत, आई. पण त्यायनं काढलेले फोटो हायेत.” तिनं एक उघडला. खळ्यात धान पाखडताना फुलवंताबाई हसत होत्या. “हा कवा काढला त्यानं?” म्हणत त्यांनी सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या अंगणातल्या माणसांना मी मूर्ख म्हणत नाही. माणूस गमावलेल्या आईला कोणीही फसवू शकतं. म्हणूनच सांगतो, यंत्र बंद पडलं तर ते खोला, माहीत नसेल तर माहीत असलेल्याला विचारा. आणि कोणी दार लावून बसला, बाहेर येऊन तुमच्या सुनेकडे बोट दाखवू लागला, तर तिला घराबाहेर काढण्याआधी त्याला एवढंच म्हणा, “दार उघडं ठेव आणि आमच्यासमोर करून दाखव.”