कडेची पारख

माझी बायको काय काम करते असं कुणी विचारलं की मी सांगतो, "कार्डांना मार्क देते." लोकांना वाटतं हा थट्टा करतोय. पण खरंच तेच तिचं काम. खेळाडूंची, राक्षसांची, जहाजांची चित्रं असलेली कार्डं असतात ना, पाकिटातून निघणारी, ती मोठेपणीही जमवणारे हौशी लोक भरपूर आहेत. आपलं जुनं कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे हे कुणा त्रयस्थाने सांगावं म्हणून ते तिच्या कंपनीकडे पाठवतात. चित्र मधोमध छापलंय का, कोपरे शाबूत आहेत का, कडा धड आहेत का, वर ओरखडा किंवा डाग आहे का, एवढं बघायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. मग कार्ड टणक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं आणि डबीवर तो आकडा लागतो.

ऐकायला सोपं आहे. मला विचाराल तर सगळी कार्डं सारखीच दिसतात. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. माझ्या धंद्यात बिघाड आवाज करून स्वतःच सांगतो. तिच्या धंद्यात बिघाड गप्प बसून असतो. याआधी ती फरशांच्या कारखान्यात होती. सरकत्या पट्ट्यावरून फरशा जात असायच्या आणि केसाएवढा तडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. तोच डोळा घेऊन ती इथे आली आणि बघता बघता वरच्या जागेवर बसली. दोन परीक्षकांचं जमलं नाही की कार्ड तिच्या टेबलावर येतं.

तिथे कार्डावर मालकाचं नाव नसतं, नुसता क्रमांक. "नाव कळलं की डोळा बिघडतो," असं ती म्हणते. म्हणून घरी कुणाचंही कार्ड बघायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम. आणि आमच्या घरात तर एक कार्डवेडा राहतो.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि टोप्या बनवतो. वरच्या मजल्यावर एकटा राहतो, जेवायला आमच्यात असतो. शाळेत असल्यापासून तो समुद्री प्राण्यांची कार्डं जमवतोय. सगळी मिळाली, एक देवमासा तेवढा हुलकावणी देत राहिला. मग एका जुन्या वस्तूंच्या बाजारात एका काकूंच्या टेबलावर तो सापडला. त्या दिवशी धाकटा जेवायला आला तो तरंगतच.

"वहिनी, हे बघा!"

बायकोने ताट उचलून तोंडापुढे धरलं. "भाऊजी, आधी ते खिशात घाला."

"अहो, मार्क नका देऊ. नुसतं बघा."

"मला नुसतं बघता येत नाही," ती ताटामागून म्हणाली.

आईला ते अजिबात पटलं नाही. "घरात परीक्षक असून पोराने बाहेर फी भरायची! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

धाकट्याने रीतसर फी भरून कार्ड पाठवलं. त्याला दहाची खात्री होती. "फार तर नऊ," असं तो मला जिन्यात म्हणाला, पण ते उगाच, नजर लागू नये म्हणून.

निकाल आला तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. कार्ड डबीत नव्हतंच, मऊ पिशवीतच परत आलं होतं आणि सोबत एक चिठ्ठी: कड मागाहून कापलेली आहे, मार्क देता येत नाहीत.

"आता तरी बघा," तो म्हणाला. "आता निकाल लागलाय."

बायकोने बघितलं आणि हातातला घास खाली ठेवला.

चिठ्ठीवर परीक्षकाचं नाव नसतं. ती गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. मी तिच्या जागी असतो तर "अरेरे" म्हणून वाढून घेतलं असतं. ती म्हणाली, "भाऊजी, हा निकाल मी दिलाय."

मग तिनेच सांगितलं. एका परीक्षकाने दहा दिले होते, दुसऱ्याने नऊ, म्हणून कार्ड तिच्याकडे आलं. तिलाही आधी नऊच वाटले. तिने ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं, पण मन पहिल्यावरून हटेना. इतकं जुनं कार्ड आणि एका बाजूची कड इतकी शहाण्यासारखी का वागतेय? ती दुपार त्याच्यापायी गेली.

"म्हणजे नऊ मिळतच होते," धाकटा म्हणाला. "ते तुम्ही काढून घेतलेत."

"हो."

एवढंच म्हणाली. धाकटा अर्धं ताट सोडून वर निघून गेला. आईने भांडी उचलता उचलता भिंतीला ऐकवलं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!"

त्यानंतर तो खाली जेवायला येईना. आई डबा घेऊन वर जायची आणि उतरताना प्रत्येक पायरीवर उसासा टाकायची. माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. शेवटी मी बायकोला म्हटलं, "चुकून झालं असेल म्हण ना. तुझं काय जातंय?"

"चुकून झालं असतं तर म्हटलं असतं," ती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. तो आवडीने खातो ती भाजी तिने दोनदा केली आणि दोन्ही वेळा त्याच्या डब्यात जास्तीची भरली. पण शब्द काही मागे घेतला नाही.

एका रविवारी सकाळी धाकटा आपणहून खाली आला. एका हातात ते कार्ड, दुसऱ्या हातात बाकीच्या कार्डांचा डबा.

"वहिनी, दाखवा मला. भांडायला नाही आलो. मी रोज केसाएवढ्या फटीवर पोट भरतो आणि मला हे दिसत नाही. डोक्यातून जातच नाहीये."

बायकोचा चेहरा उजळला. तिने टेबल पुसलं, हात धुऊन कोरडे केले, पडदे ओढले आणि माझ्याकडे माझी कामाची विजेरी मागितली. समुद्री प्राण्यांची कार्डं तिने एकावर एक रचून गठ्ठा केला, मधोमध देवमासा घातला आणि गठ्ठा टेबलावर उभा धरला. विजेरी अगदी आडवी, टेबलाला टेकवून.

"कारखान्यात पातं वरून खाली येतं," ती म्हणाली. "त्यामुळे प्रत्येक कार्डाची कड किंचित एका बाजूला कललेली असते, ओठ मुडपल्यासारखी. डावी बाजू बघा. सगळे भाऊ सारखे. देवमासाही तसाच. आता उजवी."

तिने गठ्ठा फिरवला आणि भिंग त्याच्या हातात दिलं. धाकटा वाकला. मग गुडघ्यावर बसला.

"सरळ आहे," तो हळूच म्हणाला. "एकटीच सरळ आहे. ओठच नाही हिला."

"आणि नखाच्या कपच्याहूनही कमी अशी आत आहे. मापाने पकडायला जाल तर सापडणार नाही, कारखान्यातसुद्धा तेवढं कमीजास्त होतं."

"वहिनी," तो भिंगावरून डोळा न काढता म्हणाला, "हे कापलंय कुणी? काय हात आहे! मला नाही जमणार असं."

"मलाही तेच वाटलं. उगाच नाही दुपार गेली."

दोघं डोक्याला डोकं लावून त्या कडेचं गुणगान करत बसले. भांडण कुठल्या कुठे गेलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "फसवणाऱ्याची आरती ओवाळा आता! अरे, त्या बाईला जाऊन जाब विचार."

ते खरंच होतं. काकूंचा पत्ता त्याच्याकडे होता. मी त्याला गाडीतून घेऊन गेलो. वाटेत तो काय बोलायचं ते घोकत होता, आधी रागावून, मग नरमाईने, मग पुन्हा रागावून. काकूंनी दार उघडलं आणि त्याचं सगळं पाठांतर एका वाक्यात आटोपलं. "काकू, हे कार्ड कापलेलं आहे."

"हो मग!" काकू म्हणाल्या. "ह्यांनीच कापलंय."

काकूंनी आम्हाला आत बसवलं. त्यांचे यजमान बुकबाइंडर होते. पुस्तकं बांधून हातांचं समाधान झालं नाही की संध्याकाळी कार्डं घेऊन बसायचे. "एखादी कड भुसभुशीत झाली की ह्यांना चैन पडायचं नाही. म्हणायचे, नखं वाढलेलं पोर पाहुण्यांपुढे नेतात का? मग तेवढीच कड काढायचे. काय झालं? वाकडी कापलीय का?"

"वाकडी नाही," धाकटा म्हणाला. "फार सरळ कापलीय."

मग त्याने समजावून सांगितलं, की हल्ली कापलेल्या कार्डाला मार्क मिळत नाहीत, कितीही सुबक असलं तरी. काकूंचा चेहरा पडला. त्या उठून कपाटाकडे गेल्या. "तुमचे पैसे परत देते. मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

धाकटा उभा राहिला. "राहू द्या, काकू. मला देवमासा हवा होता, तो मिळालाय." गाडीत बसल्यावर तो मला म्हणाला, "असं कापणाऱ्याचं कार्ड परत द्यायचं म्हणजे!" आणि घरी पोचेपर्यंत खिशावर हात ठेवून होता.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला त्यांच्याकडे न्या."

पुढच्या सुट्टीला आम्ही सगळे गेलो, आईसुद्धा. तोवर धाकट्याने काकूंच्या विक्रीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, की यातल्या काही कडा घरी कापलेल्या आहेत. काकूंना वाटलं होतं आता कोण घेणार, पण गोष्ट ऐकून लोक थांबत होते आणि घेतही होते.

मला वाटलं होतं बायको कार्डं बघेल. तिने विचारलं, "काकू, ती सुरी आहे का अजून?"

काकूंनी कापडात गुंडाळलेली सुरी आणली. रुंद पातं, मूठ हाताने झिजून गुळगुळीत झालेली. बायकोने ते पातं उजेडात धरून असं बघितलं, जसं मी तिला आजवर कार्डंही बघताना पाहिलं नव्हतं.

"एकदा करून दाखवाल?"

"मी कुठली! ते कापायचे, मी पट्टी धरायचे. पट्टी हलली तर संपलंच." काकू थांबल्या. "पण पाहिलंय मात्र जन्मभर."

"मी धरते पट्टी," बायको म्हणाली.

काकूंनी एक जाड पुठ्ठा घेतला. बायकोने लोखंडी पट्टीवर दोन्ही हातांची बोटं पसरून दाबली. काकूंनी श्वास रोखला आणि सुरी एका झटक्यात आपल्याकडे ओढली. पुठ्ठ्याचं दोऱ्यासारखं एक कातरण सुटून खाली पडलं. बायकोने खिशातून भिंग काढलं, कड बघितली आणि भिंग काकूंच्या हातात दिलं. काकूंनी बघितलं. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हसल्याही. "बरी आलीय की!"

"बरी?" बायको म्हणाली. "हीसुद्धा मी दुपारभर शोधत बसले असते."

मग धाकट्याला राहवेना. त्यानेही कापून बघितलं. कड नदीसारखी वळणं घेत गेली.

"कवळ्यांचं बरंय," आई म्हणाली, "तोंड मिटलं की झाकून जातं."

काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. बायकोने तोवर दुसरा पुठ्ठा घेतला होता आणि पट्टी ठेवून ती त्यांची वाट बघत होती.