आधी हात, मग ‘आई गं!’

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. लोखंडाचा, काळाकुट्ट, एका अंगाला पोचा आलेला. सध्या, ज्या घरात राबलो त्याच घराच्या परसात कोंबड्यांच्या डालग्यावर वजन म्हणून बसतो. कोंबड्यांना माझी किंमत नाही, ते सोडा. पण माणसाच्या हाताबद्दल मला जेवढे कळते, तेवढे फार थोड्यांना कळत असेल. कारण सोपे आहे. मी जन्मभर चटके दिले.

निजामाचे राज्य जाऊन आमच्या गावात नवी शाळा निघाली, त्या सुमारास मुरुम गावच्या एका लोहाराने मला घडवले. घण खाऊन खाऊन मी गोल झालो. आठवडी बाजारात कडूबाईंनी मला उचलले, बोटाने टणकन वाजवले आणि म्हणाल्या, “आवाज खणखणीत हाय. सुनंला बरा.” सून म्हणजे धुरपदा, त्यांच्या बलभीमची बायको. नवी नवरी, हसरी आणि भाकरी थापण्यात भारी तरबेज. तिच्या हातची ज्वारीची भाकरी माझ्यावर अशी टम्म फुगायची की मलाच मोठेपणा वाटायचा.

आता चटक्याचे सांगतो. कोणाचाही हात मला लागला की काय होते? तुम्ही म्हणाल, माणूस ‘आई गं’ म्हणतो आणि हात काढतो. चूक! आधी हात सुटतो, मग बोंब येते. पाहुण्यारावळ्यांपासून बलभीमपर्यंत सगळ्यांचे मी हेच पाहिले. उलटे कधी झालेच नाही. असे का होते, ते मात्र मला ठाऊक नव्हते.

आणि एके दिवशी धुरपदाचा हात सुटलाच नाही.

ती भाकरीला पाणी लावत होती, तोंडाने बलभीमशी बोलत होती आणि तिची उजवी करंगळी माझ्या काठावर टेकलेली. मी चांगला तापलेलो. कातडी चरचरली, तरी बाई आपली बोलतेच आहे! दुसऱ्या दिवशी करंगळीला टरटरून फोड आला, तेव्हा ती म्हणाली, “ह्यो कुठनं आला बया?”

मग हे रोजचेच झाले. कडूबाईंच्या ते ध्यानात आले आणि त्यांना आनंदाचे भरते आले. “माझ्या सुनंला इस्तव भाजत न्हाय! अंबाबाईची किरपा हाय!” असे त्या गल्लीभर सांगत सुटल्या. बायका बघायला येऊ लागल्या. शेजारच्या नागूबाई म्हणाल्या, “त्यात काय मोठं?” आणि त्यांनीही माझ्यावर बोट टेकले. पुढे त्या अंगणात गोल गोल नाचल्या, ते सारी गल्ली पोट धरून बघत होती. मलाही हसू आवरेना. पण धुरपदाचा हात जवळ आला की माझे हसू पळायचे. चटका देणे हे माझे काम, आणि तो कळणे हे हाताचे. हात आपले काम विसरला होता आणि घरात त्याचेच कौतुक चालले होते. तव्याला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

गावच्या शाळेचे नारायणराव गुरुजी मूळचे तुळजापूरचे. एकटेच राहायचे, म्हणून त्यांचे जेवण एकेका घरी ठरलेले. शनिवारी ते आमच्याकडे येत. त्या शनिवारी कडूबाईंनी त्यांच्यापुढे सुनेच्या हाताची करामत सांगितली. गुरुजींच्या हातातला घास हातातच राहिला.

“मावशी, तव्याला हात लागला की तो आपोआप मागं का येतो, माहीत आहे?”

“चटका बसतो म्हणून. एवढं बी कळत न्हाय व्हय आमाला?”

गुरुजी हसले आणि आपल्या दंडावर बोट फिरवत सांगू लागले. “कातडीखाली दोऱ्यासारखे मज्जातंतू असतात. करंगळीची खबर घेऊन एक मज्जातंतू कोपराच्या मागून, काखेतून मानेकडं जातो. कोपर कुठं आपटलं की झिणझिण्या येतात ना? तोच तो. तिथून खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचते. आता हात मागं घ्यायचा हुकूम तिथूनच सुटतो. डोक्यातल्या मेंदूला खबर पोचते मागाहून. तेव्हा कुठं माणूस ओरडतो.”

कडूबाई जरा विचारात पडल्या. “म्हंजी उमरग्याच्या तहसीलदाराला कळवायच्या आधीच आपल्या पाटलानं चोर धरला, तसं?”

“अगदी तसंच!”

“मग आमच्या धुरपदाचा पाटील झोपलाय का?” असे म्हणून त्या खदाखदा हसल्या. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खराट्याची एक काडी मागितली आणि ती कडूबाईंच्याच हातात दिली. धुरपदाला डोळे मिटायला सांगितले. कडूबाईंनी काडी सुनेच्या अंगठ्याला टोचली.

“लागली,” धुरपदा म्हणाली.

मधल्या बोटाला टोचली. “लागली.”

करंगळीला टोचली. धुरपदा गप्प. कडूबाईंनी आणखी जोरात टोचली. मिटल्या डोळ्यांनीच धुरपदा हसून म्हणाली, “आत्याबाई, टोचा की. का थांबला?”

कडूबाईंच्या हातातली काडी गळून पडली.

“पाटील जागा आहे, मावशी,” गुरुजी हळूच म्हणाले. “निरोप्याची वाट अडलीय.” मग त्यांनी तिच्या हातावरचा फिकट चट्टा पाहिला. कडूबाईंनी त्यावरही काडी लावून पाहिली, तोही बधिर. “उद्याच उमरग्याला डॉक्टरांकडं चला. वेळ घालवू नका.”

चट्टा म्हटल्यावर धुरपदाच्या मनात जे आले, ते माझ्याही मनात आले. महारोग! त्या काळी या नावाने माणसाला घरचे दार बंद व्हायचे. पोर माझ्यासमोर बसून रडली आणि म्हणाली, “आत्याबाई, म्या माहेरी जाते. तुमच्या घराला बोल नगं.”

कडूबाई ताडकन उठल्या. “गप! अंबाबाईची म्हणून मिरवायला माझी, अन् दुखण्याला माहेरची व्हय? बलभीम, गाडी जुंप!”

मित्रांनो, मी लोखंडाचा, पण तेव्हा आतून पार विरघळलो.

उमरग्याला मी काही गेलो नाही. कडूबाईंनीच येऊन सांगितले. डॉक्टरांनी कोपरामागे चाचपून पाहिले, मज्जातंतू सुजून सुतळीएवढा झाला होता. रोग तोच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. गोळ्या लिहून दिल्या, घर सोडायची गरज नाही म्हणाले, आणि त्या हाताला विस्तवापासून जप, असे बजावले.

मग भाकऱ्या कडूबाई करू लागल्या. त्यांच्या भाकरीला कधी शेपूट फुटायचे, कधी शिंगे. बलभीम मुकाट्याने गिळायचा. धुरपदा मात्र नेमाने गोळ्या घ्यायची आणि रात्री दिव्यापुढे हात धरून कुठे जखम झाली का ते बघायची.

बऱ्याच महिन्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, ती पुन्हा माझ्यापुढे बसली. मी तापलो होतो आणि भीतीने गारठलोही होतो. तिने भाकरी टाकली, पाणी लावले, आणि करंगळी माझ्या काठाला लागली. हात झटक्यात मागे गेला. आणि मग आली ती बोंब.

“आई गं!”

कडूबाई गोठ्यातून धावत आल्या. सुनेची करंगळी गार पाण्यात बुडवली, तिला पोटाशी धरले आणि अंगणात जाऊन ओरडल्या, “पाटलाला निरोप पोचला गं!” गल्लीला गूळ वाटला. नागूबाईंना दोन खडे जास्त. त्या गडबडीत माझ्यावरची भाकरी जळून कोळसा झाली आणि ती उतरवायचे कोणालाच सुचले नाही.

सगळ्यांचीच अशी संवेदना परत येते असे नाही, मित्रांनो. धुरपदा वेळेवर गेली म्हणून तिची आली. तेव्हा अंगावर कुठे बधिर वाटले तर त्याचे कौतुक करू नका, घरात सांगा आणि डॉक्टरकडे जा. आणि कधी तव्याचा चटका बसलाच, तर हात गार पाण्यात धरा आणि मला खुशाल शिव्या द्या. त्या ऐकल्या की मी समजेन, तुमचा हात जागा आहे.