साहेबांच्या टाकीतलं तण

साहेब, तुम्हांला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तुम्ही वेताच्या खुर्चीत चहा पीत बघत बसलात. बाकी गोष्ट ही अशी.

धर्मपाल तायडे अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता, तोही हंगामी. चौसष्टच्या दिवाळीत त्याच्या विभागाच्या साहेबांनी गुजरातेतल्या ओख्याच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ आणलं, डबे भरभरून समुद्राचं पाणी आणलं, आणि कॅम्पातल्या आपल्या बंगल्याच्या ओसरीवर काचेची टाकी मांडली. वऱ्हाडात समुद्र. लोक बघायला येत.

"शिमग्याआधी विद्यापीठाची कमिटी येईल," साहेब म्हणाले. "तोवर हे जिवंत ठेवा तायडे, नोकरी कायम झाली समजा."

धर्मपाल रोज संध्याकाळी सायकलवरून प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर नेऊन टाकीत भरी, कारण पाणी उडतं नि मीठ मागंच राहतं. प्रवाळ ओळखायला साहेबांनीच शिकवलं, आणि झकास शिकवलं. ते नाकबूल करायचं कारण नाही. प्रत्येक खळग्याला आपापली भिंत असली तर ती एक जात, दोन खळग्यांत एकच भिंत सामाईक असली तर दुसरी. धर्मपाल बोटानं चाचपून सांगू लागला. कोपरापर्यंत हात त्या टाकीत चालत होता. चहा मात्र खिडकीत ठेवलेल्या कानतुटक्या कपातच मिळे, आणि साहेबांच्या पत्नी लीलाबाई आतून सांगत, "तायडे, कप धुऊन पालथा घाला हो." छप्पन्न सालीच त्याचं घरदार बौद्ध झालं होतं. कपाला त्याची खबर नव्हती.

संक्रांतीच्या सुमारास प्रवाळाच्या बुडाशी तपकिरी, काचेसारखी समुद्रफुलं उगवली; नावाला फुलं, पण डंख मारणारे प्राणीच. जिथं त्यांच्या मिशा लागत, तिथलं प्रवाळ पांढरं पडे. धर्मपालनं दाढीचं ब्लेड आणलं. त्याचं लहानपण तेल्हाऱ्याकडं आईमागं कपाशी निंदण्यात गेलेलं. तण दिसलं की हात आपोआप चाले.

"कापू का साहेब?"

साहेब पेपराआडून म्हणाले, "तुम्हांला योग्य वाटेल ते करा."

त्यानं कापलं. साहेबांनी पेपर खाली घेतला, तुकडे पाण्यात इकडंतिकडं पांगताना पाहिले, आणि पेपर पुन्हा वर धरला. पंधरवड्यात एकाच्या जागी मूठभर झाली. जितकी कापावी तितकी वाढू लागली. साहेब म्हणत, "मेहनती आहात तायडे."

एका रविवारी तो एस.टी.नं घरी गेला. आई, तानुबाई, भाकरी थापत होती. त्यानं तिला टाकीतल्या तणाचं सांगितलं.

"समुद्रात बी निंदन असते काय रे बापा?"

"असते माय. कापून राहिलो, पन सरतच नाही."

"कापून? कुंदा हाय काय तो?"

धर्मपालनं मोडलेला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. काळ्या रानातलं कुंद्याचं गवत वरून तोडलं की जमिनीतल्या कांडी-कांडीला नवं फुटतं, हे त्याला चड्डी घालायला लागल्यापासून ठाऊक होतं. बी.एस्सी. करताना ते कुठं सांडलं कोण जाणे.

"इतका शिकला अन् कुंदा इसरला," तानुबाई हसली. "सायबाले इचारलं नाही काय?"

"इचारलं होतं."

"मंग त्याले बी मालूम नसन."

धर्मपाललाही तसंच वाटलं. परतताना बसमध्ये त्याला साहेबांची कीवसुद्धा आली.

कमिटी आली तेव्हा प्रवाळ हाडासारखं पांढरं झालं होतं आणि टाकीभर समुद्रफुलं डोलत होती. साहेब डगमगले नाहीत. काचेवर टिचकी मारून म्हणाले, "मुद्दाम राहू दिलंय. याचा तुकडान् तुकडा नवा जीव धरतो, हे माझ्या वाचनात फार पूर्वीच आलेलं. मारायचा तर सुईनं तोंडात उकळतं पाणी सोडायचं, अख्खा मरतो. आमचे तायडे पडले शेतावरचे. त्यांनी खुरपणी केली."

कमिटी पोट धरून हसली. त्यातल्या एकानं विचारलं, "कायम आहेत का हे?"

"छे, हंगामी. आता बघू दुसरं कोणी."

धर्मपाल खिडकीशी उभा होता, चहा संपलेला कप हातात. तो नळाकडं गेला नाही. चार पावलं पुढं आला आणि तो खरकटा कप त्यानं कमिटीच्या कपबश्यांच्या मधोमध ठेवला. आत लीलाबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"साहेब, ब्लेड हातात घेऊन मी तुमाले विचारलं होतं."

"तायडे, ही वेळ नाही."

"मंग कवा हाय? तुमाले मालूम होतं. मी कापत होतो अन् तुमी पाहून राहिले होते. नोकरी गेली, ते समजलं मले. पन काहून नाही सांगितलं, ते सांगा. मी इथंच उभा हाय."