सुनेचा घसा बसला तेव्हा

पार्लर चालवणाऱ्या त्या सुनेला जो तो आपापल्या मर्जीने नाव ठेवायचा. गिऱ्हाइकं तिला बोलकी म्हणायची. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या लेखी ती गप्पिष्ट होती. सासूबाईंचा शब्द मात्र एकच, वाचाळ.

"मी गप्पिष्टच ना? वाचाळ का म्हणता?" तिने एकदा विचारलं.

"गप्पिष्ट माणूस समोरच्यालाही बोलू देतो. तू देतेस का?"

यावर सुनेला बरंच सांगायचं होतं. तिने ते सांगितलं. सासूबाई मधेच उठून गेल्या.

मग तिचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नवऱ्याने हे पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

सुरुवातीला घर कसं शांत शांत झालं. पण दुपारी दोघी समोरासमोर मटार सोलायला बसल्या, आणि ती शांतता सासूबाईंनाच जड जायला लागली.

"दाणे कोवळे आहेत," त्या म्हणाल्या. सुनेने मान हलवली. "माहेरी मला टकळी म्हणायचे." सुनेचे हात थांबले.

"खरंच. दिवसभर नुसती टकळी चालू असायची. सासरी आले आणि सासूबाई पाहुण्यांदेखत मला तोंडाळ म्हणाल्या. मग मी तोंडच मिटलं. रडले-बिडले नाही हं. हट्टच धरला, बघू कोण आधी कंटाळतं. त्या गेल्या, आणि मला सवयच लागली."

त्यानंतर रोज दुपारी सासूबाई बोलायच्या आणि सून ऐकायची. शेजारणींची भांडणं सांगून झाली, बहिणीच्या लग्नातला गोंधळ सांगून झाला. मग रेल्वे स्टेशनवर उद्घोषिकेच्या नोकरीसाठी दिलेल्या मुलाखतीवर गाडी आली. त्या ऐन रंगात आल्या होत्या, तोच सुनेचा नवरा दवाखान्यात फोन करून आत आला.

"डॉक्टर म्हणतात, आता बोललीस तरी चालेल."

सुनेने घसा साफ केला. सासूबाईंनी सवयीने उठून जायला भाजीची टोपली उचलली.

"मग त्या साहेबांनी काय विचारलं?" सून घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सासूबाईंनी टोपली परत खाली ठेवली. "सलग किती वेळ बोलू शकाल, असं विचारलं. मी म्हटलं, तुमची घरी जायची वेळ होईपर्यंत."

"मिळाली नोकरी?"

"मिळाली होती गं. पण लग्न ठरलं."

सून जरा जवळ सरकली. नवऱ्याने चहाचं विचारून पाहिलं. दोघींपैकी कुणालाच ऐकू गेलं नाही.